शस्त्रागारातील धनुष्य : ओल, उष्णता आणि निगराणी

युद्धांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार धनुर्धराचे वर्णन मोठ्या आवडीने करतात. त्याचा अचूक नेम, त्याचे बाहुबल आणि त्याच्या बाणांचा वर्षाव यांची वर्णने सर्व देशांच्या वाङ्मयात विपुल आढळतात. परंतु लढाई ही दोन-चार दिवसांची गोष्ट. उरलेले सारे दिवस धनुष्य कोठारात पडून असे. त्या दिवसांत ते कोणी सांभाळले, कशापासून सांभाळले आणि कोणत्या युक्तीने सांभाळले, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच विचारलेला दिसतो. प्रस्तुत लेखात या उपेक्षित प्रश्नाचा थोडासा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, धनुष्याचा एक शत्रू समोरच्या सैन्यात असे, तर दुसरा भिंतीतून, छपरातून आणि हवेतून नकळत कोठारात शिरत असे. त्याचे नाव ओल. आणि उष्णता ही त्याची जोडीदारीण. या दुसऱ्या शत्रूशी ज्यांनी सामना दिला, त्यांची आठवण इतिहासाने ठेवली पाहिजे.

लाकडाचा स्वभाव

प्रथम लाकडाचा स्वभाव समजून घेणे अवश्य आहे. झाड तोडून कितीही वर्षे लोटली तरी लाकूड हवेशी देवघेव करणे सोडीत नाही. हवा दमट झाली की ते तिच्यातील बाष्प शोषून घेते. हवा कोरडी झाली की ते परत देऊन टाकते. आषाढ-श्रावणात घराची दारे फुगून चौकटीत घट्ट बसतात आणि फाल्गुन-चैत्रात त्याच दारांच्या फळ्यांत फटी पडतात, हा अनुभव कोणास नाही? वर्गातील कपाटाचे दार पावसाळ्यात उघडेना म्हणजे आम्ही मुलांना हाच धडा प्रत्यक्ष दाखवीत असू.

लाकडातील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडेवारीने मोजतात. हवेची सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या सुमारास असली म्हणजे लाकडात साधारणतः ९ टक्के ओल राहते. तीच आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की लाकडातील ओल सुमारे १६ टक्क्यांपर्यंत चढते. मुंबई-कोकणात भर पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्याही वर असते, तर खानदेश-विदर्भात उन्हाळ्याच्या दुपारी ती पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. अर्थात् आपल्याकडील लाकूड प्रतिवर्षी केवढ्या चढउतारातून जाते, याची कल्पना वाचकांस येईलच.

या देवघेवीचा धनुष्यावर काय परिणाम होतो? ओल वाढली की लाकूड मऊ पडते व त्याची उसळी कमी होते. असे धनुष्य ओढण्यास हलके लागते. पण बाण दूर जात नाही. उलट लाकूड फार वाळले तर ते ठिसूळ होते आणि पूर्ण ओढीच्या क्षणी ‘कडाड्’ करून मोडते. म्हणून धनुष्याचे लाकूड ना ओले ना शुष्क, अशा मध्यम स्थितीत असावे लागते. आजचे कुशल कारागीर ते ९-१० टक्के ओलीच्या सुमारास ठेवतात. शिवाय लाकूड सर्व दिशांनी सारखे फुगत नाही. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. पण वार्षिक वलयांच्या कडेकडेने ते जेवढे फुगते वा आक्रसते, त्याच्या सुमारे निम्मेच वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने. या असमानतेमुळे एका बाजूने भिंतीची ओल व दुसऱ्या बाजूने कोरडी हवा लागणारे धनुष्य पिळवटते. एकदा पिळवटलेल्या धनुष्याची दोरी मध्यरेषेवर राहत नाही.

उष्णतेचे काम निराळे. उष्णतेने लाकूड सैल पडते. आणि उष्णता व ओल एकत्र आली तर ते दिले तसे वळण घेऊन बसते. होड्या बांधणारे सुतार फळ्यांना वाफ देऊन वाकवितात ते याच गुणाच्या आधारे. पण जो गुण होडीस उपकारक, तोच धनुष्यास मारक. दमट व उष्ण कोठारात दोरी चढवून ठेविलेले धनुष्य हळूहळू वाकलेलेच राहते आणि दोरी उतरली तरी सरळ होत नाही. त्यातही ओल एकसारखी असण्यापेक्षा ती वारंवार वाढत-घटत असेल तर ताणाखालील लाकूड अधिक लवकर खचते. म्हणूनच ज्या ज्या देशांत लाकडी धनुष्ये वापरात होती, तेथे काम संपताच दोरी उतरविण्याचा दंडक होता. धनुष्यास विश्रांती देणे हा त्याचा अर्थ.

केवळ लाकडाच्या धनुष्याची ही कथा, तर शिंगाच्या धनुष्याची काय सांगावी? आशिया खंडात प्रसिद्धी पावलेल्या या जोडधनुष्यात लाकडाच्या गाभ्यावर धनुर्धराच्या बाजूस शिंगाची पट्टी व बाहेरच्या बाजूस जनावराच्या स्नायूंचे थर सरसाने चिकटविलेले असत. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो. त्यामुळे लहानशा धनुष्यात मोठे बळ साठते. परंतु साऱ्याची भिस्त सरसावर, आणि कातड्यापासून, स्नायूंपासून किंवा माशांपासून काढलेला सरस दमट उष्म्यात मऊ पडतो. याकरिता अशा धनुष्यांवर झाडाची साल, चामडे किंवा लाख-रोगणाचे आवरण देत.

प्राचीनांची दक्षता

या शत्रूची ओळख प्राचीनांस पूर्णपणे होती. ग्रीक महाकवी होमर याच्या ‘ओडिसी’ काव्यात, वीस वर्षे घराबाहेर राहिलेल्या राजाचे धनुष्य भांडारगृहातील खुंटीवर, आपल्या आवरणात टांगलेले आहे. राणीच्या स्वयंवराकरिता ते बाहेर काढले जाते, तेव्हा तिचे उमेदवार त्यास दोरी चढविण्यापूर्वी विस्तव पेटवितात, चरबीचा गोळा मागवितात आणि धनुष्य शेकून व चोळून मऊ करू पाहतात. तरीही ते त्यांना वाकत नाही. मग खुद्द राजा भिकाऱ्याच्या वेषात ते हाती घेतो. तो प्रथम बळ लावीत नाही, तर आपल्या पश्चात् शिंगास कीड लागली काय हे उलटसुलट करून तपासतो. धनुष्याचा खरा धनी कोण, हे कवीने याच एका कृतीने दाखविले आहे असे आम्हांस वाटते.

आपल्या देशात या विषयावरील विचार काव्यात नव्हे, तर राज्यकारभाराच्या शास्त्रात सापडतो. कौटिलीय अर्थशास्त्राची प्रत म्हैसूर येथे आर. शामशास्त्री यांच्या हाती आली व त्यांनी १९०९ साली तो ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली त्याची चिकित्सक आवृत्ती १९६० पासून प्रकाशित केली, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट होय. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ते येथे बाजूस ठेवू. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराध्यक्षाचे, म्हणजे शस्त्रागाराच्या मुख्य अधिकाऱ्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ताड, वेळू, लाकूड व शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये आणि मोरवेल, रुई, ताग, वेळू, स्नायू इत्यादींच्या दोऱ्या त्यात सांगितल्या आहेत.

परंतु आमच्या विषयाचा गाभा त्याआधीच येतो. शस्त्रांची जागा वारंवार बदलावी, त्यांस ऊन व वारा वारंवार द्यावा, आणि उष्मा, ओलावा किंवा कीड यांनी जी बिघडू लागतील ती निराळ्या प्रकारे ठेवावीत, अशी आज्ञा ग्रंथकाराने अध्यक्षास केली आहे. प्रत्येक वस्तूची जात, रूप, चिन्ह, माप, ती कोठून आली, तिचे मोल काय व ती कोठे ठेविली, याची माहिती अध्यक्षापाशी असावी असेही तो म्हणतो. वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. उष्मा, ओलावा आणि कीड या तीन शत्रूंची नावे त्याने एका दमात घेतली. आणि उपाय सांगितला तो एकाच वेळच्या बंदोबस्ताचा नव्हे, तर वारंवार करावयाच्या निगराणीचा. आज वस्तुसंग्रहालयांत जे शास्त्र शिकवितात त्याचे सार याहून फारसे निराळे नाही. केवळ एक दुरुस्ती आजचे जाणकार सुचवितील ती ही की, धनुष्यास वारा पुष्कळ द्यावा, पण कडक ऊन देऊ नये.

पूर्व रोमन साम्राज्यातही हीच काळजी दिसते. सम्राट मॉरिस (राज्यकाल इ. स. ५८२ ते ६०२) याच्या नावावर असलेल्या युद्धशास्त्राच्या ग्रंथात, घोडेस्वारास चिलखत व धनुष्य दोन्ही झाकतील असे नमद्याचे प्रशस्त अंगरखे असावेत, म्हणजे पाऊस वा दव यांपासून शस्त्रांचे रक्षण होईल, असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात इराणी सैन्याविषयी म्हटले आहे की, पाऊस व दक्षिणेचा वारा त्यांस बाधतो, कारण त्याने त्यांच्या धनुष्यांचे बळ हरपते. स्वतःच्या धनुष्याचे रक्षण आणि शत्रूच्या धनुष्याचे वैगुण्य ही दोन्ही हवामानावरून ताडण्याइतके हे ज्ञान पक्के झाले होते.

१५४५ हे साल

आता एका विलक्षण योगायोगाकडे वळू. इंग्लंडात १५४५ साली दोन गोष्टी घडल्या. केंब्रिजचे एक विद्वान अध्यापक रॉजर ॲस्कम यांनी धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ नावाचा संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षी १९ जुलै रोजी आठव्या हेन्री राजाची ‘मेरी रोज’ ही युद्धनौका पोर्ट्‌स्मथ बंदराजवळ समुद्रात बुडाली.

ॲस्कम हे पुढे राजकन्या एलिझाबेथ हिचे शिक्षक झाले. शिक्षकाची दृष्टी त्यांच्या ग्रंथात पदोपदी दिसते. घरात धनुष्य कोठे ठेवावे याविषयी ते सांगतात की, दगडी भिंतीच्या फार जवळ ठेवू नये, कारण त्याने ते ओलसर व दुबळे होते. आणि विस्तवाच्या फार जवळही ठेवू नये, कारण त्याने ते ठिसूळ होते. मेण लाविलेल्या लोकरी कापडाने धनुष्य रोज घासावे, म्हणजे त्यावर एक कवच चढून पाणी आत शिरणार नाही, असेही ते बजावतात. ओलीची मोजणी करण्याचे साधन त्या काळी नव्हते. परंतु भिंत आणि विस्तव या दोन टोकांच्या मधली जागा शोधा, हे त्यांचे सांगणे आजच्या शास्त्रास तंतोतंत जुळते.

तिकडे ‘मेरी रोज’ समुद्राच्या तळाशी गाळात रुतून पडली. १९८२ साली ११ ऑक्टोबर रोजी तिचा सांगाडा वर काढण्यात आला. तिच्या शोधकार्यात एकंदर १७२ लांब धनुष्ये व साडेतीन हजारांच्या सुमारास बाण हाती आले. कित्येक धनुष्ये जशीच्या तशी पेट्यांत भरलेली होती. ती ‘यू’ नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असून सहा फुटांहून अधिक लांबीची आहेत. बाहेरच्या बाजूस झाडाचे कोवळे पांढरे लाकूड व आतल्या बाजूस पक्के तांबूस लाकूड येईल अशी ती घडविलेली आहेत. पहिले ताण सोसते, दुसरे दाब. ती ओढण्यास सुमारे १०० ते १८५ पौंडांचे बळ लागत असावे असा संशोधकांचा हिशेब आहे. ४३७ वर्षे पाण्याखाली राहूनही या धनुष्यांचा घाट शाबूत राहिला, हे पाहून जगातील अभ्यासक चकित झाले.

येथे चौकस वाचक विचारील की, ओल हा धनुष्याचा शत्रू, तर समुद्राच्या तळाशी ती टिकली कशी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच या विषयाचे मर्म आहे. गाळाखाली प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून लाकूड कुजविणारी बुरशी तेथे वाढू शकत नाही. आणि तेथील स्थिती शतकानुशतके बदलत नाही. डेन्मार्कमधील हॉल्मेगार्ड येथील दलदलीत १९४४ साली एल्म लाकडाची धनुष्ये सापडली, ती सुमारे ९००० वर्षांपूर्वीची आहेत. आल्प्स पर्वतातील बर्फात १९९१ साली एका पुरातन मनुष्याचा देह सापडला. त्याच्याजवळचे यू लाकडाचे, पुरते घडवून न झालेले सहा फुटी धनुष्य ५००० वर्षांहून जुने आहे. एक चिखलात, दुसरे बर्फात, तिसरे समुद्रात. तिन्ही ठिकाणची हवा-पाण्याची स्थिती निरनिराळी, पण प्रत्येक ठिकाणी ती अचल. यावरून असा निष्कर्ष निघतो की, लाकडाचा घात ओल जितका करीत नाही तितका ओलीचा चढउतार करतो. ‘मेरी रोज’ वर काढल्यावर तिचे लाकूड एकदम वाळू दिले असते तर ते आक्रसून फाटले असते. म्हणून प्रथम थंड पाण्याचे आणि १९९४ पासून २०१३ पर्यंत मेणासारख्या एका रासायनिक द्रव्याचे फवारे तिच्यावर चालू ठेवून, मगच तिला हळूहळू वाळविण्यात आले. बुडण्यास थोडा वेळ पुरला. नीट वाळण्याच्या तयारीस ३० वर्षे लागली!

आपल्याकडील दोन उपाय

भारतासारख्या पावसाळी देशात हा चढउतार अटळ. त्यावर येथील लोकांनी दोन भिन्न उपाय काढले. पहिला राजेरजवाड्यांचा. सतराव्या-अठराव्या शतकांत हिंदुस्थानात पोलादाची धनुष्ये घडविली गेली. सोन्याचांदीच्या नक्षीने मढविलेले त्यांचे नमुने आज देशोदेशींच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. चपळाईत व बाण फेकण्याच्या शक्तीत पोलादी धनुष्य शिंगाच्या चांगल्या धनुष्याची बरोबरी करीत नसे. तथापि त्यास सरस नाही, म्हणून ते सुटत नाही. कीड लागत नाही. दमट हवेने ते मऊ पडत नाही. तेलाचा हात फिरविला की गंजाचीही भीती उरत नाही. दीर्घकाळ शस्त्रागारात सज्ज ठेवण्यास ते सोयीचे. म्हणजे साठवणीच्या अडचणीने शस्त्राचे द्रव्यच बदलले!

दुसरा उपाय डोंगरकपारीतील जनांचा. खानदेश व सातपुडा भागातील भिल्ल बांधवांचा तीरकामठा आपल्या परिचयाचा आहे. कामठा बांबूचा, आणि दोरीही बहुधा बांबूच्याच चिवट पट्टीची. त्यात सरस नाही, शिंग नाही, स्नायूची दोरी नाही. तेव्हा दमट हवेत सुटावयाचे वा सैल पडावयाचे असे त्यात फार थोडे. शिवाय तो खराब झालाच तर दुसरा करण्याचे साहित्य जवळच्या रानात आणि विद्या घरच्या घरी. राजाने धनाच्या बळावर जे साधले, ते रानच्या माणसाने साधेपणाने साधले. यांपैकी अधिक शहाणा कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

आपला खंडेनवमीचा शस्त्रपूजनाचा सणही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तो येतो आश्विनात, म्हणजे पावसाळा सरता सरता. चार महिन्यांच्या ओलीनंतर प्रत्येक शस्त्र बाहेर निघावे, पुसले जावे, त्यावर नजर फिरावी, ही व्यवस्था आपोआप होते. सणाचा हेतू तेवढाच, असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी निगराणी होत आली, हे कोण नाकारील?

आजचे आपले कर्तव्य

तथापि पूजा झाली म्हणजे जपणूक झाली असे नव्हे. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांकडे आम्ही पिढीजात शिंगाचे धनुष्य पाहिले. दरवर्षी त्यास तेल व कुंकू लावून, दोरी चढवून, दिवाणखान्याच्या पश्चिमेकडील भिंतीवर ते टांगीत. भिंत पावसाळ्यात ओल धरी आणि उन्हाळ्यात तापे. स्नायूंचे थर सुटून पापुद्रे लोंबत होते व शिंगास आडवी चीर गेली होती. घरच्या मंडळींची भक्ती उणी नव्हती. माहिती उणी होती. ज्यांच्या घरी, देवळात वा संस्थेत अशी वस्तू असेल त्यांच्या उपयोगासाठी चार गोष्टी येथे नमूद करतो.

जुन्या धनुष्यास दोरी मुळीच चढवू नये. शिंगाचे धनुष्य दोरी उतरली म्हणजे उलट दिशेस वळते. हे ठाऊक नसल्याने कित्येक लोक त्यास उलटी दोरी लावू जातात व ते मोडतात. धनुष्य एका टोकावर उभे न करता दोन-तीन ठिकाणी आधार देऊन आडवे ठेवावे. बाहेरची भिंत, चूल, खिडकीचे ऊन व विजेचा दिवा यांपासून ते दूर असावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, त्यात ओल कोंडते. स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळावे. भिजलेच तर विस्तवाजवळ वा उन्हात न धरता सावलीत सावकाश वाळू द्यावे. आणि दर महिन्यास त्याचे वजन करून वहीत टिपावे. ज्या साध्या लाकडी धनुष्याचे वजन १० टक्के ओलीस ६०० ग्रॅम आहे, ते ओल १६ टक्क्यांवर गेली की सुमारे ६३३ ग्रॅम भरते. एवढा फरक साध्या तराजूवरही कळतो. आकडा चढू लागला की जागा बदलावी. कौटिल्याच्या अध्यक्षाने केले असते तेच आपण करावयाचे.

पराक्रम एका क्षणाचा असतो, निगराणी रोजची. धनुर्धराची नावे पोवाड्यांत व काव्यांत राहिली. पण पावसाच्या दिवसांत कोठाराचे दार उघडून धनुष्यांवर हात फिरविणारा, दोरी उतरली आहे ना हे पाहणारा, ओली भिंत दिसताच पेटी सरकविणारा तो अनाम राखणदार कोणत्याही काव्यात नाही. त्याने आपले काम चोख केले नसते तर धनुर्धराच्या हाती एक वाकडी काठी आली असती. आपल्या पूर्वजांनी आपल्या हवाली केलेल्या वस्तू, मग ते धनुष्य असो, जुनी वही असो वा ताम्रपट असो, आज आपल्याच राखणीत आहेत. त्या पुढील पिढीच्या हाती धडधाकट पोहोचविणे हेच आपल्या वाट्यास आलेले राखणदाराचे काम होय. ते आपल्या सर्वांच्या हातून नीट पार पडो, इतकेच इच्छून हा लेख पुरा करतो.